काही लागत नाही

"उभ्या माणसाला कुठलंबी हत्यार सोयीचं वाटतंय," दस्तगीर शिकलगार म्हणाले. "ते कमरेला लावा आणि खाली बसून दाखवा."

उत्तमदादाने बत्तीस बोरचे ते रिव्हॉल्व्हर पँटच्या पट्ट्यात उजवीकडे खोचले, वरून शर्ट ओढून घेतला आणि बंदुकांच्या दुकानातल्या सतरंजीवर मांडी घातली. बसता बसताच त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"पोटात रुततंय."

"रुतणारच की. त्याला वजन हाय, तुम्हाला पोट हाय. दोघांस्नी जागा पाहिजे."

मी हसलो. दादाही हसला, पण उठताना त्याला काउंटरचा आधार घ्यावा लागला, आणि ते रिव्हॉल्व्हर त्याने काढून ठेवले तेव्हा त्याची सुटका झाल्यासारखी वाटली.

उत्तमदादा माझा मामेभाऊ. खडकेवाडीला त्याची दगडाची खाण आणि खडीक्रशर होता. मी कोल्हापुरात इतिहास शिकवीत असे, आणि कॉलेजच्या एन.सी.सी.ची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे बंदुकीतले मला कळते असा सगळ्या घराचा समज होता. वास्तविक वर्षातून एकदा मुलांना नेमबाजीला न्यायचे आणि रायफली मोजून परत जमा करायच्या, एवढाच माझा शस्त्रांशी संबंध. तरीही परवाना हातात पडला तेव्हा दादा सरळ माझ्याकडे आला. शनिवारी मजुरांच्या पगाराची रोकड बँकेतून खाणीवर न्यावी लागते, असे कारण त्याने अर्जात दिले होते. ते खोटे नव्हते.

मात्र घरातल्या प्रत्येकाला आणखी एक गोष्ट माहीत होती. मामा गेल्यावर खाण दादाच्या एकट्याच्या नावावर राहिली, आणि धाकट्या हणमंताने निम्म्या हिश्श्यासाठी दावा लावला. तहसील कचेरीच्या आवारात, चार लोकांदेखत, तो दादाला म्हणाला होता, "खाण मला न्हाई मिळाली तर तिथंच गाडीन तुला." पुढे महिन्याभरात कुणीतरी दादाच्या जीपच्या काचा दगडांनी फोडल्या. कुणी, ते कधी कळले नाही. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते. हणमंत बायकोमुलीसह तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता.

त्या वर्षी मामीने एकच हट्ट धरला. दसऱ्याला दोघेही मुलगे माझ्या दारात उभे असले पाहिजेत. निरोप्या मी होतो. हणमंताकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तो चहा न विचारता उठून गेला. दुसऱ्यांदा त्याने ऐकून घेतले आणि "येतो" म्हणाला. दुकानात येताना जीपमध्येच मी दादाला हे सांगितले होते. "येऊ दे की. घर त्याचंबी हाय," एवढेच तो म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

शिकलगारांनी आता एक चपटे पिस्तूल पुढे ठेवले. दादा ते लावून बसला, उठला, मग पायाशी पडलेले काही उचलावे तसा खाली वाकला. "मूठ बरगडीला टोचतीय," तो म्हणाला.

"एक विचारू का?" शिकलगारांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे कुणाला दाखवायचं हाय का लपवायचं हाय?"

"लपवायचं."

"मग हे आधी सांगायचं. दाखवायचं असलं तर थोरलं घ्यावं. चोर लांबनंच बघतो आणि वाट बदलतो. लपवायचं असलं तर गोष्ट निराळी."

"दादा, रोकड नेताना दिसलेलंच बरं, नाही का?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "लपणारं दाखवा," तो शिकलगारांना म्हणाला.

शिकलगार आत गेले आणि मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. तंबाखूच्या डबीएवढे पिस्तूल होते ते. काळे, गुळगुळीत, कुठेही कोपरा नसलेले. "पंचवीस बोर. जुनं, विलायती. एका सरदारांच्या घरातनं विकायला आलंय. लांबचं काम याच्यानं व्हायचं न्हाई. जवळचं हुतंय."

"जवळचं म्हंजे?"

"तुम्ही आणि मी आता उभं हावोत, एवढ्यावरचं."

दादाने ते तळहातावर घेतले. त्याचा हात रुंद, दगडाची धूळ रेषारेषांत बसलेला. त्यात ते पिस्तूल खेळण्यासारखे दिसत होते. त्याने ते कमरेला लावले. मांडी घालून बसला, उठला, वाकला, पुन्हा सरळ झाला. एकदाही आठी पडली नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"परसू, हिकडं ये. मिठी मार."

"काय?"

"अरे मार की. नवरीसारखा लाजतोस काय?"

"वहिनीसाहेबांची ट्रायल चाललीय वाटतं," शिकलगार म्हणाले.

"तसंच समजा."

मी संकोचाने त्याला मिठी मारली.

"काही लागतंय?"

"नाही."

"असं वरवर नको. उजवीकडनं घट्ट धर. नीट बघ."

कोणतेही काम अंगावर घेतले की ते नीट करायचे, हा माझा स्वभाव आहे. मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरले, उजव्या कुशीवर माझे अंग दाबून पाहिले. त्याचे मऊ पोट लागले, इस्त्रीच्या शर्टाचा वास आला, श्वास कानाशी ऐकू आला. धातू कुठेच नव्हता.

"काही लागत नाही, दादा."

"नक्की?"

"नक्की."

"मग हेच," तो म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी खडकेवाडीत पोचलो होतो. देवघरासमोर पाटावर घरातली सगळी हत्यारे धुऊन मांडली होती. विळी, कोयता, क्रशरचे पाने, दगड फोडायची सुतकी, माझ्या खिशातले पेन. दादाची बायको, इंदूवहिनी, हळदकुंकू लावीत होत्या. "ते नवीन न्हाई का आणायचं पूजेला?" त्यांनी हळूच दादाला विचारले. मामी शेजारच्याच खोलीत होती. दादाने नुसती नकारार्थी मान हलवली. मला ते खटकले, पण मामीला भीती वाटू नये म्हणून असेल, असे मी समजून घेतले. आपल्याला जे समजून घ्यायचे असते ते समजायला वेळ लागत नाही.

दसऱ्याला सकाळी मी हणमंताला आणायला तालुक्याला गेलो. आम्ही वडापच्या, माणसे कोंबून भाडे मारणाऱ्या जीपमध्ये मागे बसून येत होतो. त्याने नवा शर्ट घातला होता, त्याची घडी अजून छातीवर दिसत होती. मांडीवर पेढ्यांचा पुडा, खिशात आपट्याची पाने.

"आण्णा, दादा जवळ घेईल न्हवं?" त्याने मला विचारले.

"घेईल. का नाही घेणार?"

"ते गाडीन म्हणून बोललो ते तोंडातनं गेलं. घरी जाऊन भिंतीवर डोकं आपटून घेतलं मी. बायकोला विचारा." त्याने मांडीवरचा पुडा सरळ केला. "काचा मी न्हाई फोडल्या. पण कुणीतरी फोडल्या हे ऐकून बरं वाटलं हुतं मला. तेवढं पाप हायच माझ्याकडं."

"हे दादाला सांग."

"सांगीन. आधी जवळ तर घेऊ दे."

मी त्याला पुन्हा एकदा खात्री दिली.

घराच्या पुढच्या सोप्यावर मामी पाट मांडून बसली होती. शेजारचे दोघेतिघेही जमले होते. ते आमच्या येण्यावर नजर ठेवूनच असावेत. दादा मधल्या दारातून बाहेर आला. दर दसऱ्याला तो पांढरा शर्ट पँटमध्ये खोचून, पट्टा आवळून उभा राहत असे. त्या दिवशी त्याने सैल, गुडघ्यापर्यंत येणारा नेहरू शर्ट घातला होता. त्याचा उजवा कोपर कुशीला चिकटलेला होता.

तेव्हा मला कळले. त्याने दुकानात मला जवळ का बोलावले, कुणाच्या जागी मी उभा राहिलो होतो, आणि वाकून पाहणे कशासाठी चालले होते, ते सगळे एका क्षणात कळले. मला पुढे होता आले असते. दादाला काही निमित्ताने आत नेता आले असते. मी हातात आपट्याची पाने धरून उभा राहिलो.

हणमंताने दादाच्या हातात सोने दिले आणि त्याच्या पायांवर डोके ठेवले. दादा वाकला. अगदी सहज वाकला, दुकानात वाकला होता तसाच. त्याने हणमंताला उठवले आणि जवळ घेतले. पण डावा खांदा पुढे करून, उजवे अंग मागे ठेवून. गर्दीतून भरली घागर नेणारा माणूस जसा स्वतःला सांभाळतो तसे. त्याचा डावा हात हणमंताच्या पाठीवर गेला. खांद्यापासून दोन्ही फऱ्यांच्या मधून तो सावकाश खाली उतरला, कमरेशी थांबला, पट्ट्याच्या कडेने एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत गेला आणि पुन्हा वर आला.

मामीने पदर डोळ्यांना लावला. इंदूवहिनींनी औक्षणाच्या ताटाकडे तोंड फिरवले. शेजारचे तुकाराम आबा म्हणाले, "झालं. मिटलं म्हणायचं आता."

थोड्याच वेळात दादाने मला आतल्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"काही न्हाई त्याच्याकडं," तो हळू आवाजात म्हणाला. "कमर, पाठ, सगळं बघितलं."

"दादा, तो पेढे घेऊन आलाय."

"मला काय ठाऊक? सांग की, मला काय ठाऊक असणार? तू ऐकलं न्हाईस कचेरीत तो काय बोलला ते. मी ऐकलंय. रोज ऐकतोय." त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने कमरेचे पिस्तूल काढले आणि कपाटात धोतरांच्या घडीखाली सरकवले. घडी विस्कटली, ती त्याने दोनदा नीट केली. "माझ्याकडं असं बघू नकोस, परसू. लागत न्हाई म्हणून तूच सांगितलंस."

ते खरे होते.

जेवणाला श्रीखंडपुरी होती. दादा स्वतः वाढायला उठला. कमरेचे ओझे गेल्यामुळे तो आता मोकळा वावरत होता, हणमंताला आग्रह करीत होता, "आणि एक घे, काय पोरीसारखा खातोस," म्हणत होता. हणमंत पुऱ्यांमागून पुऱ्या खात होता आणि मध्येच हसत होता. लहानपणी हणमंताला ताप आला की तो औषध थुंकून टाकायचा, दादाच्या हातूनच तेवढे घ्यायचा, असे काहीबाही मामी सांगत होती. दादाचे वाढणे थांबले नाही. पण त्याने हणमंताला पुन्हा हात लावला नाही; वाटीसुद्धा पाटावर ठेवून दिली.

दुपारी मी हणमंताला फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. वडापची वाट बघत आम्ही एका चिंचेखाली उभे राहिलो. तो बराच वेळ चपलेने माती उकरत होता.

"आण्णा, दादानं अंग चोरलं."

"म्हणजे?"

"मिठी मारली, पण अंग चोरलं. माणसाला कळतंय की ते. छातीला छाती लागली न्हाई. मला लई लागलं ते. म्हटलं, आईच्या सांगण्यावरनं केलंय, मनातनं न्हाई." त्याने वर पाहिले. "पण पाठीवरनं हात कसा फिरवला, बघितलासा न्हवं तुम्ही?"

"हो."

"ल्हानपणी मी तापानं फणफणलो की असाच फिरवायचा. आई कामाला असायची. वरनं खाली, खालनं वर, झोप लागूस्तर. आज तसाच फिरवला. कमरेपतोर." तो खाकरला. "अंगाचं काय, अंगात राग असतोय. एवढं बोललो मी, राग असणारच. पण हाताला कुणी शिकवत न्हाई. तो हात खोटा न्हवता, आण्णा."

दूरवर जीपची धूळ दिसू लागली.

"केस काढून घेतो," तो म्हणाला. "वकिलाला उद्याच सांगतो. दादा देईल ते घीन, न्हाई दिलं तरी चालंल."

"घाई करू नकोस," मी म्हणालो.

"का?"

त्याचा चेहरा इतका स्वच्छ होता की त्याकडे पाहून एकही वाक्य पुरे करता येईना. मी खरे सांगितले असते, तर भाऊ आपल्याला एवढा भितो हे त्याला कळले असते. मग त्याच्याजवळ तो हातही उरला नसता. आणि न सांगता त्याला जाऊ देणे म्हणजे एका झडतीच्या मोबदल्यात त्याचा हक्क काढून घेणे होते.

"काही नाही," मी म्हणालो. "सावकाश कर, एवढंच."

"सावकाश कशाला? उगंच दोन वर्सं घालवली," म्हणत तो जीपच्या मागच्या फळीवर चढला आणि दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिला.

दिवेलागणीला दादा ओट्यावर एकटा बसला होता. मी त्याला सगळे सांगितले. एकही शब्द गाळला नाही.

"हात फिरवला म्हणाला?"

"हो."

"तापातल्यासारखा?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही."

आत मामी कुणाला तरी तोच प्रसंग पुन्हा सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात दादाचा हात आणखी हळुवार झाला होता.

"सांगितलं तर मोडून पडंल तो," दादा म्हणाला.

"आणि नाही सांगितलं तर?"

तो ओट्यावरून उठला. "सकाळी त्याच्याकडं जाऊ. तू चल संगं."

पुढे दादाने निम्मी खाण हणमंताच्या नावावर केली, आणि न मागता क्रशरमध्येही वाटा दिला. गावात त्याचे नाव झाले. निवडणूक आली तेव्हा नियमाप्रमाणे त्याने पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केले, आणि निवडणूक होऊन गेल्यावर परत आणायला तो गेला नाही. परवान्याचे नूतनीकरणही केले नाही. हणमंताने त्या दसऱ्याची हकीकत आपल्या मुलीला, जावयाला, भेटेल त्याला सांगितली. माझ्यादेखत कितीतरी वेळा सांगितली आणि दर वेळी साक्षीला मला घेतले. "विचारा आण्णांना," तो म्हणे, आणि मी मान हलवीत असे. पण हे सगळे नंतरचे. माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

हणमंत अंगणात मुलीची वेणी घालत बसला होता. आम्हाला बघताच अर्धी वेणी तशीच सोडून तो धावत आला. दादा पँटमध्ये शर्ट खोचून, पट्टा आवळून आला होता. त्याच्या अंगावर लपवण्यासारखे काही नव्हते. त्याने तोंड उघडले. तो काही सांगायला आला होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण हणमंताने त्याला बोलूच दिले नाही. त्याने दोन्ही हातांनी दादाला आवळले, आणि दादाने आपले सगळे शरीर, छाती, पोट, कुशी, त्याच्या स्वाधीन केले.

"आज न्हाई अंग चोरलंस," हणमंत त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. तो हसत होता की रडत होता, सांगता येत नव्हते.

दादाचे दोन्ही हात खाली लोंबत होते.

"दादा, हात कुठं हाय तुझा?" हणमंत म्हणाला. "फिरव की कालच्यासारखा."

दादाने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिले. मी त्या मुलीच्या अर्धवट वेणीकडे बघू लागलो. पुन्हा नजर वर केली तेव्हा दादाने हात उचलला होता. हणमंताच्या पाठीपासून वीतभर अंतरावर तो तसाच थांबला होता, आणि खाली टेकत नव्हता.